ढोल, प्लीहा आणि टी-पेशी: मोनोन्यूक्लिओसिसचं एक प्रकरण

पुण्यात श्रावण लागला की दवाखान्यांत ताप-घसादुखीची रांग लागते. बहुतेक ताप तीन-चार दिवसांत उतरतात, काही डेंग्यूचे निघतात, आणि मधूनच एखादा असा येतो की दर दोन दिवसांनी काहीतरी नवीन उपटतं आणि घरच्यांचा औषधावरचा विश्वास डळमळायला लागतो. हे प्रकरण अशा तापाचं आहे. यातली मुलगी ही कोणी एक खरी व्यक्ती नाही. या आजारात नेहमी जसं घडतं तसंच तिच्या बाबतीत मांडलं आहे आणि रिपोर्टचे आकडेही नेहमी मिळतात त्याच टापूतले आहेत.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवायला हवी, कारण पुढचा प्रत्येक निर्णय तिच्यावर उभा आहे. इन्फेक्शियस मोनोन्यूक्लिओसिसमध्ये (थोडक्यात मोनो, एप्स्टाइन-बार विषाणूने होणारा आजार) रुग्णाला जे भोगावं लागतं त्यातला मोठा वाटा त्याच्या स्वतःच्या प्रतिकारयंत्रणेचा असतो. ताप, घशाची सूज, मानेतल्या गाठी, वाढलेली प्लीहा (पोटात डाव्या बरगडीखाली असणारा अवयव), बिघडलेले लिव्हरचे आकडे, एवढंच काय, अँटिबायोटिकनंतर उठणारं पुरळसुद्धा. विषाणू शरीरात शिरतो तेव्हा कोणाला पत्ताही लागत नाही. त्याला आवरायला फौज बाहेर पडते तेव्हा माणूस अंथरूण धरतो.

पहिले नऊ दिवस

एकोणीस वर्षांची मुलगी, राहणारी कोथरूडची, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. आषाढापासून ढोल-ताशा पथकात जायला लागलेली, ढोल वाजवणारी. नदीपात्रात रोज संध्याकाळी दोन-अडीच तास सराव, आणि मधल्या विश्रांतीत पाण्याची एकच बाटली आठ-दहा जणांत तोंड लावून फिरायची.

पहिले तीन दिवस नुसती कणकण, डोळे जड, भूक नाही. सराव चालूच होता. चौथ्या दिवशी घसा धरला आणि ताप १०२ वर गेला. पाचव्या दिवशी घराजवळच्या डॉक्टरांनी पाहिलं तर दोन्ही टॉन्सिल सुजलेले, त्यांच्यावर पांढरट साय. त्यांनी ॲमॉक्सिसिलिन हे पेनिसिलिनच्या गटातलं अँटिबायोटिक ५०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, सात दिवसांसाठी दिलं आणि डेंग्यूचे दिवस म्हणून रक्त तपासायला पाठवलं. डेंग्यूची एनएस१ चाचणी निगेटिव्ह. टायफॉइडची विडाल चाचणी १:८०, ज्याला आपल्याकडे एकट्याने काही अर्थ नसतो, कारण टायफॉइडचे जंतू कधी ना कधी बहुतेकांच्या संपर्कात आलेले असतात. सीबीसीत पांढऱ्या पेशी ९,८००, प्लेटलेट १,३८,०००.

रिपोर्टवर सगळ्यांची नजर प्लेटलेटवर गेली. पावसाळ्यात पुण्यात प्लेटलेटचा आकडा घरोघरी पाठ असतो, त्यामुळे ते साहजिकच आहे. पण खरी खूण दोन ओळी वर, पांढऱ्या पेशींच्या प्रकारांत होती: लिम्फोसाइट ५८ टक्के, न्यूट्रोफिल ३४ टक्के. स्ट्रेप्टोकोकससारख्या जिवाणूने घसा एवढा धरला असता तर न्यूट्रोफिल वर गेले असते. साय आलेला घसा आणि निम्म्याहून जास्त लिम्फोसाइट ही जोडी दिसली की मोनोचा विचार करायलाच हवा, आणि मशीनच्या मोजणीवर न थांबता पॅथॉलॉजिस्टला स्मिअर, म्हणजे काचपट्टीवर पसरलेलं रक्त, डोळ्यांनी बघायला सांगावं.

ॲमॉक्सिसिलिन दिल्याबद्दल त्या डॉक्टरांना बोल लावण्यात अर्थ नाही. पाचव्या दिवशी नुसता घसा पाहून हे दोन आजार वेगळे करणं अवघड असतं. फरक सांगणारी एक साधी तपासणी मात्र राहून गेली: मानेच्या मागच्या बाजूला बोटं फिरवणं. स्ट्रेप्टोकोकसमध्ये जबड्याखालच्या, पुढच्या गाठी दुखऱ्या होतात. मोनोमध्ये मानेच्या बाजूला जो मोठा स्नायू आहे त्याच्या मागच्या गाठीही माळेसारख्या हाताला लागतात.

दहाव्या दिवशी सकाळी पोटावर आणि पाठीवर गोवरासारखं लाल पुरळ उठलं, दुपारपर्यंत दंडांवर आलं, खाज सुटली. ताप तसाच.

दहावा दिवस

"अहो डॉक्टर, हिला ते औषध बाधलं. आता पेनिसिलिन कधीच द्यायचं नाही ना?" आईचा पहिला प्रश्न हाच होता. मुलीचा प्रश्न दुसराच, आणि तो तिने आईचं बोलणं संपायच्या आत विचारला: "चार दिवसांवर गणपती आहेत. मी वाजवू शकेन ना?"

तपासणीत ताप १०१.८. पापण्या सुजून डोळे बारीक झालेले, ही मोनोची चांगली आणि बऱ्याचदा नजरेतून सुटणारी खूण. टाळूवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके. टॉन्सिल जवळजवळ एकमेकांना भिडलेले. मानेच्या मागे दोन्हीकडे गाठी, काखेतही. मोठा श्वास घ्यायला लावून डाव्या बरगडीखाली हात ठेवला तर प्लीहेचं टोक दोन सेंटिमीटर खाली लागलं. इथे हात हलका हवा. सुजलेली प्लीहा पुन्हा पुन्हा दाबून बघणं धोक्याचं असतं, आणि शिकाऊ डॉक्टरांची रांग लावून ती प्रत्येकाला दाखवणं तर टाळायलाच हवं.

रक्तात आता पांढऱ्या पेशी १६,४०० झाल्या होत्या. लिम्फोसाइट ६८ टक्के, आणि हाताने मोजलेल्या स्मिअरमध्ये सगळ्या पांढऱ्या पेशींपैकी २२ टक्के एटिपिकल, म्हणजे वेगळ्या रूपाच्या, लिम्फोसाइट. प्लेटलेट १,१२,०००, आणि लिव्हरचे आकडे: एसजीपीटी २१४, एसजीओटी १६८, बिलिरुबिन १.१. सोनोग्राफीत प्लीहा १४.६ सेंटिमीटर; प्रौढांत साधारण १२-१३ पर्यंत असते.

डेंग्यूतही एटिपिकल लिम्फोसाइट दिसतात, हे पुण्यात विसरून चालत नाही. पण डेंग्यूत एकूण पांढऱ्या पेशी सहसा घसरतात, बऱ्याचदा चार हजारांच्या खाली. इथे त्या वाढून सोळा हजारांवर गेल्या होत्या. डेंग्यूची आयजीएम (ताज्या संसर्गात आधी येणारी अँटिबॉडी) चाचणी काठावर आली तेव्हा हाच विचार उपयोगी पडला. मोनोमध्ये अँटिबॉडी बनवणाऱ्या बी-पेशी सरसकट चेतवल्या जातात आणि वाट्टेल त्या अँटिबॉडी रक्तात सोडतात, त्यामुळे दुसऱ्याच आजाराची आयजीएम चाचणी अर्धवट पॉझिटिव्ह दिसू शकते. दोन आठवड्यांनी ती पुन्हा केली तेव्हा निगेटिव्ह होती.

एप्स्टाइन-बार विषाणूच्या चाचण्यांत व्हीसीए आयजीएम पॉझिटिव्ह, व्हीसीए आयजीजी पॉझिटिव्ह, ईबीएनए आयजीजी निगेटिव्ह. या तीन ओळी एकत्र वाचायच्या असतात. व्हीसीए म्हणजे विषाणूच्या कवचातलं प्रथिन. त्याविरुद्धच्या अँटिबॉडींतली आयजीएम लवकर येते आणि साधारण चार ते सहा आठवड्यांत जाते, आयजीजी जन्मभर राहते. ईबीएनए हे संसर्ग झालेल्या पेशीच्या केंद्रकात लपलेलं प्रथिन. त्याविरुद्धची आयजीजी दोन ते चार महिन्यांनी उगवते. म्हणून "आयजीजी पॉझिटिव्ह, म्हणजे जुनं" असं नुसत्या एका ओळीवरून ठरवलं तर घोटाळा होतो. ईबीएनए नसणं हेच संसर्ग ताजा असल्याचं सांगतं.

स्वस्तातली हेटेरोफाइल चाचणी करायलाही हरकत नव्हती. तिचा उगम १९३२ सालचा, जॉन पॉल आणि वॉल्स बनेल यांच्या निरीक्षणातला: या रुग्णांचं सीरम मेंढीच्या लाल पेशींच्या गुठळ्या करतं. मेंढीचा विषाणूशी काही संबंध नाही. बी-पेशींच्या त्या सरसकट चेतण्यातून ही भलतीच अँटिबॉडी तयार होते. पण पहिल्या आठवड्यात सुमारे चारातल्या एका रुग्णात ती चुकीने निगेटिव्ह येते आणि लहान मुलांत तर तिच्यावर फारसं विसंबताच येत नाही.

मुलीशी एकटीशी बोलून, तिच्या संमतीने, एचआयव्हीची अँटिजेन-अँटिबॉडी चाचणीही केली. ताज्या एचआयव्ही संसर्गाचं चित्र हुबेहूब असं असू शकतं. ती निगेटिव्ह आली.

आत काय चाललं होतं

विषाणू आला तो लाळेतून, बहुधा चार ते सहा आठवड्यांपूर्वी, म्हणजे आषाढात सराव सुरू झाला त्या सुमारास. टॉन्सिलच्या खाचांत पृष्ठभागालगतच बी-पेशींची दाटी असते. बी-पेशीवर सीडी२१ नावाचं प्रथिन असतं; विषाणूच्या आवरणावरचं जीपी३५० त्याला अडकतं, मग जीपी४२ हे दुसरं प्रथिन पेशीवरच्या एचएलए वर्ग-दोन या प्रथिनाला धरतं, आणि दार उघडतं.

आत शिरल्यावर तो पेशीला मारत नाही, तिला वाढायला लावतो. बी-पेशीला वाढण्यासाठी एरवी दोन परवानग्या लागतात: एक, तिच्या स्वतःच्या ग्राहीला अँटिजेन सापडल्याची, दुसरी, मदतनीस टी-पेशीने सीडी४० मधून दिलेली. विषाणूचं एलएमपी२ए हे प्रथिन पहिल्या परवानगीची नक्कल करतं आणि एलएमपी१ दुसरीची. शत्रू आलेला नसताना, कोणी मदत मागितलेली नसताना, पेशी विभागतच राहतात. यातल्या काही पेशी शेवटी स्मृती-बी-पेशी बनून गप्प बसतात आणि तिथे विषाणू जवळपास सगळी प्रथिनं बंद करून टाकतो. दाखवायला काही उरत नाही, म्हणून पकडलाही जात नाही. उरलेल्यांपैकी काही फुटून नवे विषाणू लाळेत सोडतात.

या चार ते सहा आठवड्यांत मुलगी ठणठणीत होती, ढोल वाजवत होती. रक्तातल्या नॅचरल किलर पेशी पहिल्या फळीत विषाणू सोडणाऱ्या बी-पेशी टिपत असतात, पण ते काम गाजावाजा न करता चालतं. मग विषाणू शिरलेल्या पेशी मारणाऱ्या सीडी८ टी-पेशी जाग्या होतात, आणि आजार सुरू होतो तो इथून. विषाणूच्या एखाद्या प्रथिनाचा आठ-दहा अमिनो आम्लांचा तुकडा ओळखणारी एकेक टी-पेशी विभागत विभागत इतकी वाढते की काही रुग्णांत एकाच तुकड्याला ओळखणाऱ्या पेशी रक्तातल्या सगळ्या सीडी८ पेशींच्या चाळीस टक्क्यांपर्यंत पोचलेल्या आढळल्या आहेत. इतर विषाणूंच्या संसर्गात एवढी गर्दी क्वचितच दिसते.

स्मिअरवरच्या त्या २२ टक्के पेशी म्हणजे हीच फौज. सूक्ष्मदर्शकाखाली त्या ओळखू येतात: नेहमीच्या लिम्फोसाइटच्या दुप्पट-अडीचपट मोठ्या, भरपूर फिकट निळा पेशीद्रव, आणि शेजारच्या लाल पेशीला टेकली की कडा तिच्याभोवती घागऱ्याच्या घेरासारखी मुडपते, त्या घडीत निळा रंग गडद होतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला त्या ल्युकेमियाच्या वाटू शकतात. फरक असा की ल्युकेमियात सगळ्या पेशी एकाच साच्यातून काढल्यासारख्या दिसतात, इथे प्रत्येक पेशी वेगळी, आणि हिमोग्लोबिन सहसा ठीक असतं. हिचं १२.८ होतं. बाल्टिमोरच्या थॉमस स्प्रंट आणि फ्रँक इव्हान्स यांनी १९२० साली याच पेशींवरून आजाराला मोनोन्यूक्लिओसिस नाव दिलं. बऱ्याच डॉक्टरांनाही वाटतं की या विषाणू शिरलेल्या बी-पेशी आहेत. नाहीत, बहुतेक सगळ्या त्यांना मारायला निघालेल्या टी-पेशी आहेत.

विषाणू सापडला तो नंतर, १९६४ मध्ये, आफ्रिकेतल्या मुलांच्या बर्किट लिम्फोमाच्या पेशींत. शोधणारे अँथनी एप्स्टाइन, इव्हॉन बार आणि बर्ट अचोंग. त्याचा मोनोशी संबंध फिलाडेल्फियात वर्नर आणि गर्ट्रूड हेन्ले यांच्या प्रयोगशाळेत लागला, कारण तिथल्या एका तंत्रज्ञ मुलीला मोनो झाला आणि आधी तिच्या रक्तात नसलेल्या या विषाणूच्या अँटिबॉडी आजारानंतर सापडल्या. ते संशोधन १९६८ सालचं.

आता हिची लक्षणं या फौजेच्या अंगाने वाचली की कोडी सुटतात. टी-पेशी इंटरफेरॉन-गॅमा आणि इतर सायटोकाइन (पेशींना संदेश देणारी प्रथिनं) सोडतात, त्याने ताप आणि ती गळून गेल्याची भावना. टॉन्सिल आणि गाठी सुजतात कारण पेशी तिथे विभागताहेत. लिव्हरच्या पेशींत विषाणू फारसा नसतोच. तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांत चेतलेल्या टी-पेशी अडकतात आणि आसपासच्या पेशींना झळ बसते, म्हणून एसजीपीटी वाढतं पण कावीळ सहसा होत नाही. प्लीहेत लिम्फोसाइट इतके भरतात की तिचं आवरण ताणलं जातं आणि आतला आधाराचा सांगाडा सैल पडतो. प्लेटलेट काही प्रमाणात तिथेच अडकून राहतात.

पुरळ हेसुद्धा याच गोंधळाचं फळ. टी-पेशी इतक्या चेतलेल्या असताना एरवी सहन होणारं औषध सहन होत नाही. जुन्या पुस्तकांत ॲम्पिसिलिन दिलेल्या ८०-९० टक्के मोनो रुग्णांना पुरळ येतं असं असे. नव्या नोंदींत ॲमॉक्सिसिलिनने ते साधारण तिघांत एकाला दिसतं. ही सहसा जन्मभराची ॲलर्जी नसते. पण तोंडात किंवा डोळ्यांत व्रण, कातडीवर फोड, ओठ सुजणं, धाप लागणं यातलं एक जरी असतं तर गोष्ट वेगळी होती. तिच्यात यातलं काही नव्हतं.

लहानपणी हाच विषाणू आला तर बहुधा साध्या सर्दीतापासारखा निघून जातो. आपल्याकडे पुष्कळांना तो पाचव्या-सहाव्या वर्षाच्या आतच गाठतो. ज्या घरांत मुलं कमी, गर्दी कमी, उष्टं-खरकटं पाळलेलं, तिथे तो उशिरा, कॉलेजच्या वयात येतो, आणि या वयात संसर्ग झालेल्यांतला मोठा हिस्सा आजारी पडतो. शहरात मोनो आता जास्त दिसण्यामागे हे कारण असावं असं आम्हाला वाटतं.

उपचार, म्हणजे बहुतांशी काय न करणं

ॲमॉक्सिसिलिन बंद. घशाचा स्वॅब पाठवला. पाच दिवसांच्या अँटिबायोटिकनंतर तो निगेटिव्ह आला तर त्यावर फारसा भरवसा नसतो, आणि तो निगेटिव्हच आला. स्ट्रेप्टोकोकस खरंच सोबत निघाला असता तर ॲझिथ्रोमायसिन दिलं असतं. ॲसायक्लोव्हिर नाही: ते लाळेतला विषाणू कमी करतं पण आजाराचे दिवस कमी होत नाहीत, कारण आजार टी-पेशींचा आहे. पॅरासिटामॉल ६५० मिलिग्रॅम सहा तासांनी, चोवीस तासांत चारपेक्षा जास्त नाही, म्हणजे २.६ ग्रॅमपर्यंत, लिव्हर सुजलेलं असताना यावर जायचं नाही. घरात सर्दीची गोळी पडलेली असेल तर तिच्यातही पॅरासिटामॉल असतं हे आईला रॅपर दाखवून सांगितलं. ॲस्पिरिन नको. लिव्हरचं टॉनिक, काढे नकोत. हळद-दूध चालेल, आणि आजीला काहीतरी करायला मिळालं म्हणून तीही समाधानी.

पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून चार-पाच गुळण्या. मऊ भात, पातळ वरण, मुगाचं कढण, थंड ताक. दिवसाला दोन-सव्वादोन लिटर पातळ पदार्थ पोटात गेलेच पाहिजेत. हॉस्पिटलात भरती व्हायचं एक नेहमीचं कारण म्हणजे गिळवत नाही म्हणून पाणी कमी पडणं. बद्धकोष्ठ होऊ द्यायचा नाही, कारण कुंथण्याने पोटातला दाब वाढतो.

बाराव्या दिवशी रात्री अकराला आईचा फोन आला. आवाज बदललाय, गरम घास तोंडात धरून बोलल्यासारखा, घोरतेय, तिला गुदमरल्यासारखं होतंय. फोनवर विचारले ते प्रश्न महत्त्वाचे आहेत: थुंकी गिळता येतेय की तोंडातून गळतेय? उताणी झोपू शकते का? श्वास आत घेताना कर्कश आवाज येतो का? गळ्याच्या खळग्यात कातडी आत ओढली जातेय का? थुंकी गळत नव्हती, पण उताणं झोपवत नव्हतं. लगेच इमर्जन्सीत आणायला सांगितलं. ऑक्सिजन ९८ टक्के, श्वास मिनिटाला २०, कर्कश आवाज नाही. टॉन्सिल मधोमध चिकटलेले, पण नाकाने श्वास मोकळा. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड भरून ट्रेमध्ये ठेवलं आणि दिलं नाही. डोकं उंच, शिरेतून सलाइन, पॅरासिटामॉल, सहा तास नजर. पहाटे पाचला तिने स्वतःहून पाणी मागितलं.

स्टेरॉइड का रोखलं हा प्रश्न रास्त आहे, कारण आपल्याकडे घसा बरा वाटावा म्हणून ते सर्रास दिलं जातं. ते ही फौज दाबतं, सूज उतरते. पण साध्या मोनोमध्ये त्याचा टिकाऊ फायदा दिसत नाही, आणि विषाणूला आवर घालणारी हीच फौज आहे. श्वासाची वाट बंद व्हायला लागली, लाल पेशी अँटिबॉडीने फुटायला लागल्या किंवा प्लेटलेट फारच खाली गेल्या तर मात्र द्यायचंच, उशीर न करता.

क्वचित ही फौज परतच फिरत नाही. ताप दहा-बारा दिवसांनंतर उलट चढता, तिन्ही प्रकारच्या पेशी एकदम घसरत्या, फेरिटिन हजारोंत, लिव्हर-प्लीहा वाढत जाणारी, असं दिसलं तर हिमोफॅगोसायटिक आजाराचा (प्रतिकारयंत्रणा बेफाम होऊन स्वतःच्याच रक्तपेशी खाल्ल्या जातात) विचार त्याच दिवशी करायचा. मुलग्यांत, विशेषतः मामाकडे कोणी मुलगा अशा तापाने गेला असेल तर, एसएच२डी१ए या एक्स गुणसूत्रावरच्या जनुकातला दोष तपासावा. तो असला की टी आणि नॅचरल किलर पेशी विषाणूग्रस्त बी-पेशींना नीट मारू शकत नाहीत, म्हणून लढाई संपतच नाही.

ढोल कधी बांधायचा

गणपती बसले तो चौदावा दिवस. ताप उतरायला लागला होता. ती आरतीला खुर्चीवर बसून होती. एकविसाव्या दिवशी ताप नाही, पुरळ गेलेलं, लिम्फोसाइट ४९ टक्के, प्लेटलेट २,१०,०००, एसजीपीटी ५८. सोनोग्राफीत प्लीहा १३.१ सेंटिमीटर. आणि चोविसावा दिवस अनंत चतुर्दशीचा.

"तीन आठवडे झाले की चालतं असं मी वाचलंय," ती म्हणाली. चुकीचं वाचलं नव्हतं. प्लीहा फुटण्याचं प्रमाण हजारात एक ते पाच, आणि बहुतेक वेळा पहिल्या तीन आठवड्यांत. बऱ्याचदा मार न लागताही. पण नंतर, आठव्या आठवड्यापर्यंतही असे प्रसंग नोंदले गेले आहेत, आणि तीन आठवड्यांची सवलत चालणं, हलकं पळणं यांसाठी आहे. धक्काबुक्कीच्या खेळाला किमान चार आठवडे थांबावं.

ढोल यात कुठे बसतो? तो कमरेला आवळून बांधतात. वजन पोटावर येतं, प्रत्येक थापेला आणि टिपऱ्याच्या फटक्याला तो पोटावर आपटतो, डाव्या बरगडीच्या बरोबर खाली, आणि हे तासन् तास. शिवाय गर्दीतले कोपर. आणखी एक गोष्ट तिला स्पष्ट सांगितली: विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोडवर प्लीहा फुटली तर रक्तस्राव पोटात होतो, बाहेर काही दिसत नाही, आणि त्या गर्दीतून ॲम्ब्युलन्स बाहेर काढायला जो वेळ लागेल तो परवडणारा नाही. झांजही नको, कारण ती वाजवायची तर चालायचं त्याच गर्दीत.

ती रडली. पथकातल्या दादाने तिला मिरवणूक एका मित्राच्या घराच्या बाल्कनीतून पाहायची सोय करून दिली. धोक्याची खूण घरच्यांना लिहून दिली होती: डाव्या कुशीत अचानक कळ, डाव्या खांद्याच्या टोकाला विनाकारण दुखणं, चक्कर, थंड घाम. यातलं काही झालं तर चहा-पाण्यातही वेळ न घालवता हॉस्पिटल. खांदा का दुखतो तर पोटात सांडलेलं रक्त छाती आणि पोट यांमधल्या स्नायूच्या पडद्याला चुरचुरतं आणि त्या पडद्याच्या नसा मानेतून निघतात.

पथकातल्या इतरांना तपासायची गरज नव्हती. जगातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त प्रौढांत हा विषाणू असतो, निरोगी माणसांच्या लाळेतही तो अधूनमधून येतो, त्यामुळे बाटली कोणाची होती हे शोधणं निरर्थक. हिच्या लाळेत तो पुढचे काही महिने भरपूर राहणार, म्हणून तिची बाटली वेगळी एवढंच.

पुढचे महिने

पाचव्या आठवड्यात सोनोग्राफीत प्लीहा ११.९ आली. थकवा मात्र राहिला. जिना चढून आलं की तासभर पडून राहावं लागे. आधी कॉलेज दोन तास, आठवड्याने चार, मग पूर्ण दिवस. रोज पंधरा मिनिटं सपाट रस्त्यावर चालणं, दर चार दिवसांनी पाच मिनिटं वाढवत. दुसऱ्या दिवशी जास्त गळाल्यासारखं वाटलं तर आधीच्या पायरीवर. संपूर्ण झोपून राहिल्याने हा थकवा लांबतो. नवव्या आठवड्यात ती पूर्ववत झाली. दहातल्या एखाद्याला सहा महिन्यांनीही थकवा उरतो, आणि तो आळस नसतो हे घरच्यांनी मानणं गरजेचं असतं.

आईने इंटरनेटवर वाचून कॅन्सरबद्दल विचारलं. हा विषाणू काही लिम्फोमांशी जोडलेला आहे आणि २०२२ साली अमेरिकी सैनिकांच्या मोठ्या अभ्यासाने मल्टिपल स्क्लेरोसिसशीही त्याचं घट्ट नातं दाखवलं. पण जवळपास प्रत्येकाच्या अंगात असलेल्या या विषाणूमुळे तसे आजार फारच थोड्यांना होतात. त्यासाठी दरवर्षी तपासण्या नकोत. सहा आठवड्यांनंतरही एखादी गाठ वाढत राहिली, कडक लागली किंवा गळपट्टीच्या हाडावर आली तर मात्र बायोप्सी.

चार महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. व्हीसीए आयजीएम गेलेली, ईबीएनए आयजीजी आलेली. फौजेतल्या बहुतेक टी-पेशी आपोआप मेल्या, थोड्या स्मृती-पेशी म्हणून उरल्या. विषाणू आता दर दहा लाख स्मृती-बी-पेशींत एक ते पन्नास अशा पेशींत गप्प आहे, आणि डोकं वर काढेल तेव्हा त्या उरलेल्या पेशी त्याला टिपत राहतील.

फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने "पेनिसिलिन ॲलर्जी" लिहिलेलं होतं. फाल्गुनात ॲलर्जीतज्ज्ञांकडे, इमर्जन्सीची तयारी ठेवून, ॲमॉक्सिसिलिनचा आधी दहावा भाग आणि अर्ध्या तासाने उरलेला डोस दिला. त्या दिवशी काही झालं नाही, पुढच्या आठवड्यातही पुरळ आलं नाही. ती ओळ खोडून खाली तारखेसह लिहिलं: मोनोच्या काळातलं पुरळ, पेनिसिलिन चालतं.